दादरच्या एका बिल्डिंगमधले उंदीर: कुठून आले आणि कसे गेले

दादर पूर्वेला हिंदू कॉलनीच्या जवळ आमची सोसायटी आहे, तळमजला अधिक चार, साठच्या दशकातलं बांधकाम, खाली रस्त्याच्या बाजूला दोन गाळे, एकात किराणा आणि दुसऱ्यात पोळी-भाजी केंद्र. मी कमिटीत आहे आणि नोकरी बांधकाम साइटवर सुपरवायझरची, त्यामुळे पाईप, प्लास्टर, भोकं बुजवणं हे माझं रोजचंच काम. हे प्रकरण सविस्तर लिहितेय कारण मुंबईत गल्लोगल्ली हेच चालू आहे, प्रत्येक घर आपापलं औषध आणतं, आपापल्या कोपऱ्यात टाकतं, आठ दिवस बरं वाटतं आणि मग ये रे माझ्या मागल्या. उंदीर फ्लॅटचा नसतो, तो बिल्डिंगचा असतो, आणि त्याला बिल्डिंगनेच मिळून घालवावं लागतं.

सुरुवात आमच्याकडे झालीच नाही, ती शेजारी झाली. बाजूच्या प्लॉटवर तीन मजली जुनी इमारत होती, खाली भुसार मालाचं गोदाम आणि वर भाडेकरू. ती रिडेव्हलपमेंटला गेली, भाडेकरू बाहेर पडले, गोदाम हललं, आणि ऐन मे महिन्यात पोकलेन लागला. माणसं गेली होती पण उंदीर-घुशी तिथेच होत्या. आधी त्यांचं खाणं बंद झालं, मग छप्पर गेलं, मग बिळांवरून पोकलेन फिरला. ते जाणार कुठे, मधली कंपाउंड वॉल ओलांडून सरळ आमच्याकडे. त्यात जूनमध्ये पाऊस लागला, जवळच्या हिंदमाताच्या सखल भागात पाणी तुंबलं की आमच्या गल्लीतही घोटाभर साठतं, त्यामुळे जमिनीतली उरलीसुरली बिळंही पाण्याखाली गेली आणि जे खाली होतं ते सगळं वर आलं.

पहिली तक्रार पहिल्या मजल्यावरच्या वहिनींची, ओट्याखालची कांदे-बटाट्याची टोपली रोज सकाळी विस्कटलेली. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या स्कूटरची सीट फाटली, मग एकांच्या गाडीच्या बॉनेटखाली वायरी सोललेल्या आणि इंजिनवर पोळीचे तुकडे. इथपर्यंत लोक वैतागत होते पण चालवून घेत होते. तिसऱ्या मजल्यावर मात्र प्रकरण जिवावरचं होतं. तिथल्या ताई पहाटे डबे करायला उठतात, त्यांना स्वयंपाकघरात गॅसचा वास आला. बाईंनी दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला, आणि उजाडल्यावर बघितलं तर रबरी नळी ओट्यामागे भिंतीला जिथे टेकते तिथे दातांचे दोन समांतर ओरखडे आणि त्यांच्या मधोमध टाचणीएवढं भोक. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतच असतात, ते झिजवत राहावे लागतात, म्हणून तो पोट भरलेलं असलं तरी कुरतडतो, आणि रबर, प्लास्टिकचा पाईप, लाकूड, कच्चं सिमेंट यातलं काहीही त्याला थांबवत नाही. त्याच दिवशी सगळ्या घरांत फिरून साध्या रबरी नळ्या काढायला लावल्या आणि आत तारेची जाळी असलेली केशरी सुरक्षा ट्यूब बसवायला लावली. बाकी काही करायच्या आधी हे करावं असं मी कोणालाही सांगेन, कारण खाऊन गेलेले कांदे परत आणता येतात.

मग रविवारी गच्चीवर मीटिंग. प्रत्येकाकडे स्वतःचा उपाय होता, डांबरगोळ्या, तुरटी, पुदिन्याचं तेल, प्लगला लावायची आवाजाची मशीन, गोंदाचे पुठ्ठे, विषाचे निळे केक. यातल्या वासाच्या गोष्टी उंदीर दोन दिवस टाळतो आणि मग त्यांच्या शेजारून जातो. आवाजाच्या मशीनचं तेच, मधे कपाट किंवा भिंत आली की तो आवाज पलीकडे पोचत नाही आणि जिथे पोचतो तिथे त्याला सवय होते. गोंदाच्या पुठ्ठ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ते वापरू नयेत. त्यावर चिकटलेला उंदीर तासन्तास ओरडत, स्वतःचं कातडं ओढत मरतो, आणि घाबरून तिथेच मुततो, म्हणजे ज्या घाणीची आपल्याला भीती आहे तीच घरभर. मारायचंच असेल तर एका क्षणात मरेल असं मारावं.

विषाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं कारण बहुतेक घरांनी ते आधीच टाकून झालं होतं. दुकानात मिळणारे केक म्हणजे बहुतेक वेळा ब्रोमाडायोलोन, ०.००५ टक्के. याने रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते आणि उंदीर खाल्ल्यावर लगेच नाही तर साधारण चार-पाच दिवसांनी मरतो. ही त्याची ताकद आहे, कारण खाण्याचा आणि मरण्याचा संबंध बाकीच्या उंदरांना लावता येत नाही. पण बिल्डिंगच्या आत हीच अडचण होते, कारण तो चार-पाच दिवसांनी जिथे राहतो तिथे मरतो, म्हणजे माळ्यावर, फॉल्स सीलिंगमध्ये, ट्रॉलीच्या मागे. दुसऱ्या मजल्यावर काकांच्या हॉलमध्ये असाच वास सुटला आणि शेवटी पीओपीचं सीलिंग कापून काढावं लागलं. शिवाय विष खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजराच्या किंवा घुबडाच्या तोंडी लागतो आणि ते विष त्यांच्याही पोटात जातं. पाडलेल्या त्या जुन्या इमारतीच्या वळचणीला गव्हाणी घुबडांची जोडी होती, रात्री कंपाउंडवर बसलेली दिसायची. घुबडाचं पिल्लांसकट कुटुंब किती उंदीर संपवतं याची लोकांना कल्पना नसते, उलट घुबड दिसलं की अपशकुन म्हणून हाकलतात. हे थांबायला हवं.

आणि एक गोष्ट मीटिंगमध्ये मी आवाज चढवून बोलले. फूटपाथवर पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट मिळते, ती कोणीही घरात आणायची नाही. तिला उतारा नाही, लिव्हर निकामी होतं, आणि ट्यूब टूथपेस्टसारखी दिसते म्हणून पोरं तोंडात घालतात. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरात टाकणं म्हणजे शेजाऱ्यांचा जीव घेणं, त्यातून निघणारा वायू भिंतीच्या फटींतून बाजूच्या फ्लॅटमध्ये जातो, ते काम प्रशिक्षित माणसाचं आणि तेही मोकळ्या जागेतल्या बिळांत. ब्रोमाडायोलोनला निदान व्हिटॅमिन के-१ चा उतारा आहे, म्हणून ज्यांनी केक आणलेत त्यांनी पाकिटं टाकू नका, चुकून काही झालंच तर डॉक्टरांना पाकीट दाखवावं लागतं, असं सांगून सगळ्यांचे केक गोळा केले.

एवढं सगळं होऊनही उंदीर होतेच. मग मी म्हटलं, आधी बघू तरी नक्की काय आहे ते. कारण सगळे जण उंदीर उंदीर म्हणत होते आणि प्रत्येकाच्या वर्णनात जनावर वेगळं होतं, कोणी मांजराएवढं सांगत होतं, कोणी अंगठ्याएवढं.

पाहणीला फार काही लागत नाही. एक चांगली बॅटरी, थोडे पुठ्ठे, आणि कॅरमची पावडर. झोपायच्या आधी पुठ्ठ्यावर पावडरचा पातळ थर द्यायचा आणि तो भिंतीला लागून ठेवायचा, कारण उंदीर मोकळ्या जमिनीवरून सहसा जात नाही, मिशा भिंतीला लावून जातो. सकाळी पावलं उमटलेली असतात, शेपटीची बारीक रेघ असते, आणि मुख्य म्हणजे येण्याजाण्याची दिशा कळते. त्याच्या जोडीला लेंड्या बघायच्या. काळ्या घरउंदराच्या लेंड्या साधारण १२ मिलिमीटर, दोन्ही टोकांना निमुळत्या. लहान उंदराच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून बारीक. ओल्या चकाकत्या असल्या तर ताज्या, बोटांत भुगा झाला तर जुन्या (हातमोजे घालूनच, आणि झाडू मारायचा नाही, आधी ब्लिचचं पाणी शिंपडून ओलं करायचं आणि मग पुसून घ्यायचं, कोरडी धूळ उडली की ती नाकात जाते).

यातून निघालं असं की आमच्याकडे एक नाही तर तीन वेगवेगळे प्रकार होते, आणि तिघांचं घर वेगळं, रस्ता वेगळा, खाणं वेगळं. कंपाउंडमध्ये घुशी, ज्या जमिनीत बिळं करतात, तोंडाशी मातीचा ढिगारा असतो आणि वर पेव्हर ब्लॉक खचलेले असतात. पहिल्यापासून गच्चीपर्यंत काळे घरउंदीर, सडपातळ, शरीरापेक्षा शेपूट लांब, चढण्यात पटाईत, हे जमिनीत राहत नाहीत, उंचावर राहतात. आणि चौथ्या मजल्यावर एकाच घरात ते इवलेसे उंदीर, जे कोकणातून आलेल्या तांदळाच्या पोत्यातून आले होते आणि फ्रिजमागे मोटरच्या उबेला घर करून बसले होते. चौथी एक होती ती चिचुंद्री, तळमजल्यावर, टोकदार तोंडाची, चिक् चिक् करत भिंतीकडेने पळणारी. ती उंदीर नाहीच, ती झुरळं-किडे खाते, तिला मारायचं काही कारण नाही, मोरीची जाळी नीट बसवली की ती आपोआप बाहेरच राहते.

आता लक्षात येईल आमचं काय चाललं होतं. घुशी कंपाउंडमध्ये आणि केक तिसऱ्या मजल्यावर, घरउंदीर पाईपांच्या डक्टमध्ये आणि पिंजरा जिन्याखाली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सगळ्यात जास्त वेळ मी डक्टवर घालवला आणि तो सार्थकी लागला. बिल्डिंगच्या मागच्या बाजूला दोन स्वयंपाकघरांच्या मधे तळापासून गच्चीपर्यंत उघडा डक्ट आहे, त्यात ओट्याचे आणि बाथरूमचे वेस्ट पाईप, जुने बिडाचे पाईप, आणि त्यांना बिलगून केबलवाल्यांनी, इंटरनेटवाल्यांनी वर्षानुवर्षं टाकलेल्या केबलींचा मनगटाएवढा जुडगा, त्यातल्या निम्म्या बंद पडलेल्या, कोणी काढत नाही. बॅटरी मारली तर त्या जुडग्यावर तळापासून वरपर्यंत काळपट तेलकट पट्टा. उंदराच्या अंगाचं तेल आणि मळ रोज त्याच जागी घासून घासून तो पट्टा पडतो, आणि तो जिथे वळतो तिथे हमखास भोक असतं. आमच्या डक्टमध्ये तो प्रत्येक मजल्यावर वळत होता. कारण कळायला मला वेळ लागला नाही, हे माझ्याच धंद्यातलं आहे. किचनचं काम काढलं की प्लंबर दोन इंची पाईपसाठी चार इंची भोक पाडतो, उरलेल्या जागेत सिमेंटच्या गोणीचा तुकडा कोंबतो, वरून व्हाइट सिमेंट फिरवतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर सुतार मॉड्युलर ट्रॉली उभी करतो. मालकाला समोरून चकचकीत लॅमिनेट दिसतं, मागे काय आहे ते पुढची पंधरा वर्षं कोणी बघत नाही. मोठ्या उंदराला आत यायला अर्धा इंच भोक पुरतं, लहान उंदराला ६ मिलिमीटर, म्हणजे पेन्सिल आत गेली की तोही गेला. इथे तर मूठ जात होती.

चौथ्या मजल्यावरच्या आजींचा भाचा फिनिक्सला असतो, अमेरिकेतलं वाळवंटातलं गरम शहर. तो फोनवर म्हणाला आमच्याकडेही हाच काळा उंदीर आहे. २००१ मध्ये तिथल्या अर्केडिया भागात तो सापडला, जुन्या संत्र्या-लिंबांच्या बागा आणि पाणी घातलेली हिरवी आवारं त्याला मिळाली, नाहीतर त्या रखरखीत हवेत त्याचं कठीणच होतं. या उंदराला रोज पाणी लागतं, म्हणून तिकडे लोक झाडाखाली पडलेली फळं उचलतात, गळके नळ आणि ठिबकच्या नळ्या दुरुस्त करतात, आणि पाण्याचा ठिकाणा मोडतात. मुंबईत बाहेरचं पाणी तोडणं शक्य नाही, पण घराच्या आत शक्य आहे हे मला त्यातून पटलं. एसीचा पाण्याचा पाईप डक्टमध्ये ठिबकत होता, ओट्याखालच्या बाटली ट्रॅपला गळती होती, रात्री भांडी पाण्यात भिजत पडत होती. हे सगळं बंद करता येतं. फक्त फ्रिजमागच्या त्या लहान उंदरांवर याचा काही परिणाम नाही, त्यांना धान्यातल्या ओलाव्यावरच भागवता येतं, त्यांच्यासाठी डबेच घट्ट लागतात.

आता केलं काय ते. आतलं काम आम्ही विषाशिवाय केलं. क्रम महत्त्वाचा. आधी बाहेरची येण्याची भोकं बंद, मग आत अडकलेल्यांना चापाने पकडायचं. उलटं केलं तर तुम्ही इथे दहा मारता आणि डक्टमधून वीस येतात. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालायला लागतात, त्या वेगाशी नुसता चाप पुरा पडत नाही.

गवंड्याला मी प्रत्येक घरात ट्रॉल्या बाहेर काढायला लावल्या. लोकांच्या कपाळाला आठ्या पडल्या पण मागचं भोक दाखवलं की बोलणं बंद. भोकात आधी तारेची घासणी ठासून भरायची, पाईपभोवती घट्ट, मग एकास तीन सिमेंट-वाळूचा माल, आणि तो किमान दोन दिवस ओला ठेवायचा, कारण कच्चा माल उंदीर पहिल्याच रात्री उकरतो. नुसता फोम किंवा एमसील मारून काही होत नाही. आपल्याकडे बाटल्यांच्या काचा घालून भोक बुजवायची पद्धत आहे, त्याने पुढच्या प्लंबरचा हात कापतो, तारेची जाळी जास्त चांगली. डक्टमधल्या बंद केबली सगळ्या कापून खाली पाडल्या, पाईपांवर प्रत्येक मजल्यावर पत्र्याच्या गोल चकत्या बसवल्या म्हणजे चढताना अडतो, डक्टच्या तोंडाला वर आणि खाली जाड वेल्डेड जाळी. मोऱ्यांच्या न्हाणी ट्रॅपवर स्टीलच्या जाळ्या स्क्रूने, नुसत्या ठेवलेल्या जाळीला घूस खालून डोकं लावून उचलते. दाराखालच्या फटींना अॅल्युमिनियमची पट्टी.

चापांचं एक तंत्र आहे. उंदीर नवीन वस्तूला बिचकतो, काल नव्हतं ते आज दिसलं की तो लांबून जातो. म्हणून दोन-तीन रात्री चाप न लावता नुसतेच ठेवायचे, त्यावर खाणं ठेवायचं, खाऊ द्यायचं, आणि मग एका रात्री सगळे एकदम लावायचे. चाप भिंतीला काटकोनात, खाण्याची बाजू भिंतीकडे. खायला चीज वगैरे काही नको, आमच्याकडे भाजलेला खोबऱ्याचा तुकडा आणि सुक्या बोंबलाचं शेपूट यांनी काम केलं, शाकाहारी घरांत खोबरं आणि शिळी भजी. दोऱ्याने बांधायचं, नाहीतर ओढून नेतो.

चापाला आजींचा विरोध होता. त्या म्हणाल्या, "अगं, गणपतीचं वाहन आहे ते, माझ्या घरात मारायचं नाही." पहिल्या मजल्यावरच्या जैन कुटुंबाचंही तेच म्हणणं. मला हा विरोध मान्य आहे, त्यांच्या घरात त्यांचा शब्द. मी एवढंच म्हटलं, "आजी, मारू नका, पण येऊही देऊ नका," आणि त्यांच्या घरची भोकं सगळ्यात आधी बुजवली, धान्य पोत्यातून काढून पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत भरायला लावलं, फ्रिज पुढे ओढून मागे साफ केलं. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर मात्र शेजारच्या गल्लीत सोडायचा नाही यावर मी ठाम राहिले. तो तिथल्या कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जातो किंवा वाट काढून परत येतो. पुण्य आपलं आणि त्रास दुसऱ्याचा, हे बरोबर नाही.

खालच्या गाळ्यांशी बोलणं नाजूक होतं. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या ताई पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत राबतात, दहा-बारा बायकांचं घर त्यावर चालतं, त्यांना "तुमच्यामुळे उंदीर" म्हणणं चूक आणि अन्यायाचंही. पण रात्री दहाला भिजलेल्या कणकेचे गोळे, भाज्यांची देठं आणि तेलकट कागद काळ्या पिशवीत शटरबाहेर, आणि कचऱ्याची गाडी सकाळी आठला, म्हणजे रात्रभर दहा तास मेजवानी. सोसायटीने झाकणाचा मोठा ड्रम स्वतःच्या खर्चाने घेऊन दिला, तो रात्री गाळ्याच्या आत राहतो आणि सकाळी गाडी आली की बाहेर येतो. किराणावाल्या शेठनी पोती भिंतीपासून हातभर लांब आणि जमिनीपासून वर लाकडी फळ्यांवर घेतली, म्हणजे मागे झाडता येतं आणि लेंड्या लपत नाहीत. वरच्या मजल्यांनीही ऐकायची गरज होती, कबुतरांना सकाळी दाणे टाकणारे दोन फ्लॅट आहेत, ते दाणे रात्री कोण खातं हे पावडरच्या पुठ्ठ्याने दाखवून दिलं.

कंपाउंडकडे वळताना एक गोष्ट सांगते जी मला फार लागते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतल्या मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, बंदराजवळची धान्याची गोदामं, दाटीची घरं, अंधारे बोळ, तिथून तो शहरभर गेला. नंतर १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दादर-माटुंगा-वडाळा-सायन हा पट्टा त्याच ट्रस्टने आखला, रुंद रस्ते, इमारतीभोवती मोकळी जागा, हवा-उजेड. म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या बाजूची ती आठ-दहा फुटांची मोकळी पट्टी ही चैन नाही, माणसं मेली म्हणून ती मोकळी ठेवायला शहर शिकलं. आणि आम्ही तिथे काय केलं होतं, तर जुने दरवाजे, कमोड, टाइल्सची खोकी, एक गंजलेली सायकल. घुशींना वरून छप्पर आयतं. दोन टेम्पो भरून ते सामान गेलं तेव्हा खालची बिळं दिसली.

कुठली बिळं चालू आहेत हे ओळखायला संध्याकाळी सगळ्यांच्या तोंडात कागदाचे बोळे आणि माती दाबून ठेवली, सकाळी जी उघडली ती चालू. मग पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइन नंबरवर तक्रार नोंदवली आणि पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं आली, चालू बिळांचं औषध त्यांनीच केलं आणि आम्ही त्यात हात घातला नाही. याच विभागाचे रात्रपाळीचे मूषक संहारक असतात, हातात काठी आणि बॅटरी, एका रात्रीत तीस उंदरांचं टार्गेट, गटाराकाठी, मंडईत, पावसात. लोक त्यांच्याकडे नाक मुरडून बघतात आणि त्यांच्यामुळे आपण झोपतो. बिळं शांत झाल्यावर ती खणून दगड-माल भरला आणि कंपाउंड वॉलच्या कडेने दोन फूट खोल चर काढून वेल्डेड जाळी उभी पुरली, तळाशी बाहेरच्या बाजूला एल आकारात वळवून, म्हणजे घूस भिंतीला लागून खणत आली तर जाळीवर अडकते.

हे काम चालू असतानाच वॉचमनदादांना ताप भरला. ते चप्पल घालून तुंबलेल्या पाण्यात पंपाचं बटण बंद करायला गेले होते, टाचेला भेग होती. उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जंतू पाण्यात उतरतो आणि अशाच भेगेतून आत शिरतो, २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने ते भोगलंय. दादांना लगेच पालिकेच्या दवाखान्यात पाठवलं आणि वेळेवर औषध मिळालं, बरे झाले. तेव्हापासून सोसायटीने त्यांना गमबूट दिलेत, आणि ज्याला साठलेल्या पाण्यातून जावं लागलं त्याने ताप यायची वाट न बघता तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारायचं, ते डॉक्सीसायक्लिन हे प्रतिबंधक औषध द्यायचं की नाही ठरवतात, हा कागद जिन्यात लावलाय. स्वतःच्या मनाने गोळ्या घ्यायच्या नाहीत, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना तर नाहीच.

दिवाळीपर्यंत डक्टमधला तेलकट पट्टा सुकून धुळकट झाला, पुठ्ठ्यांवरची पावडर सकाळी जशीच्या तशी राहायला लागली. एक फ्लॅट मात्र राहिलाय, चौथ्या मजल्यावरचा, मालक परदेशात, चावी कोणाकडे नाही, त्याच्या डक्टच्या बाजूचं भोक आम्ही बाहेरून जाळीने झाकलंय पण आत काय आहे ते दिसत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वॉचमनदादा आणि मी डक्ट, जाळ्या आणि कंपाउंडची फेरी मारतो, एक जाळी गणपतीच्या मांडवाच्या बांबूने वाकली होती ती बदलली.

आता मागच्या बाजूची इमारतही रिडेव्हलपमेंटला गेलीये. आम्ही कमिटीतर्फे बिल्डरला आणि पालिकेला पत्र दिलंय की इमारत रिकामी झाल्यावर आणि पोकलेन लागायच्या आधी तिथे उंदीर-घुशींचं काम करून घ्या, कचरा उचला, ड्रेनेजची उघडी तोंडं बंद करा, कारण एकदा पाडायला सुरुवात झाली की ते जनावर तुमच्या हातातून निसटून चार सोसायट्यांत वाटलं जातं. हे मला वाटतं प्रत्येक पाडकामाच्या परवानगीतच यायला हवं, शेजाऱ्यांनी पत्र लिहावं लागू नये. साइट इंजिनिअर येऊन आमची कंपाउंड वॉल बघून गेले, जाळी कशी पुरली ते विचारून घेतलं, आणि पाडकामाच्या आधी तीन आठवडे औषधाचं काम लावतो म्हणाले. ते लेखी द्या असं मी सांगितलंय, आणि तोवर मागच्या भिंतीची जाळी आम्ही आमच्या खर्चाने पुरून घेतोय.